नव्या घराची परसबाग: आधी पाणी, मग माती, मग झाडं

वास्तुशांतीला आलेली मंडळी घर बघून झालं की मागच्या दारातून डोकावतात आणि विचारतात, "इथं काय करणार?" आमच्याकडे उत्तर तयार होतं: लॉन. घर नाशकात, पाथर्डी फाट्याच्या पुढे, मागे साधारण ६०० चौरस फूट मोकळी जागा. मे महिन्यात तयार लॉन आणून अंथरलं, कडेनं शोभेची झाडं लावली, फोटो काढून नातेवाइकांना पाठवले. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पाऊस लागला आणि त्या लॉनवर घोट्याएवढं पाणी साचलं. चार दिवस जागचं हललं नाही. जुलै संपता संपता हिरवळीचा कुजका वास स्वयंपाकघरात यायला लागला. शेवटी पहार मारून बघितली, तर चार इंचांवर खणकन् आवाज आला. गवंड्यांनी वर्षभर जिथं माल कालवला होता, तिथला सिमेंटचा थर जसाच्या तसा खाली होता. वर मातीचं पांघरूण घालून आम्हाला जागा 'साफ' करून दिली होती. ठेकेदाराला फोन केला तर म्हणाला, "साहेब, करारात साफसफाई होती, खोदाई नव्हती."

पुढच्या वर्षी सगळं पुन्हा केलं, पण उलट्या क्रमानं. तो क्रम इथे सांगतो. तुमची जागा मोठी असो की लहान, क्रम तोच राहतो.

कधी काय करायचं

नाशिकचं वेळापत्रक पाऊस ठरवतो. शहरात वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. त्यामुळे जमिनीखालची आणि बांधकामाची कामं मृगाच्या आधी संपवायची आणि झाडं मृगानंतर लावायची. राडारोडा काढणं जानेवारी-फेब्रुवारीत, उतार, पाइप आणि फरशी मार्च-एप्रिलमध्ये, खड्डे खणून उन्हात तापायला सोडणं मे महिन्यात. खड्डा तीन-चार आठवडे तापला की मातीतल्या किडी आणि अंडी बऱ्यापैकी मरतात.

ताबा ऐन पावसाळ्यात मिळाला असेल तर हळहळू नका. मला वाटतं ते नशीबच. छत्री घेऊन मागच्या दारात उभे राहा आणि पाणी कुठून येतं, कुठं थांबतं, किती वेळ थांबतं ते बघा. तो पहिला पाऊस जे दाखवतो ते कुठलाही नकाशा दाखवत नाही.

आधी कागद

एक टेप आणि चौकटीची वही घ्या. घराची मागची भिंत, कुंपणभिंत, जमिनीखालची टाकी, सेप्टिक टँक, ड्रेनेजचे चेंबर, बोअर, अर्थिंगचा खड्डा, विजेची केबल हे सगळं मापानिशी मांडा. बांधकाम अजून चालू असेल तर पाइपाचे चर बुजवण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा, टेप धरूनच काढा. आमच्याकडे दोन वर्षांनी कुदळ लागली ती नेमकी ड्रेनेजच्या पाइपाला.

मग ऊन. नाशिक २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरअखेर भरदुपारीही सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि २२ फूट उंचीच्या दुमजली घराची सावली उत्तरेला सुमारे २१ फूट पडते. परसदार उत्तरेला असेल तर हिवाळाभर बरीचशी जागा सावलीतच. जूनमध्ये मात्र तोच सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकतो आणि तीच जागा भाजून निघते. मोगरा, गुलाब, भाजीपाला यांना सहा तास तरी ऊन लागतं, म्हणून त्यांची जागा हिवाळ्यातल्या सावलीवरून ठरवा. सकाळी नऊ, दुपारी बारा आणि चारला सावलीची कड फक्कीने आखून घ्या. एका दिवसाचं काम आहे.

आता घरातल्यांना काय हवंय ते विचारा. आमच्याकडे आईला कढीपत्ता, लिंबू आणि पापड वाळवायला उन्हातला ओटा हवा होता, मुलाला सायकल फिरवायला कडक जागा आणि मला संध्याकाळचा चहा. लॉन कोणालाच नको होतं, हे विचारल्यावर कळलं.

राडारोडा: जितका दिसतो त्याच्या दुप्पट धरा

पहार घ्या आणि चार-चार फुटांवर जमिनीत मारत जा. मऊ गेली तर ठीक, खणकली तर फक्कीची खूण. तासाभरात जमिनीखालचं बांधकाम डोळ्यांसमोर येतं. माल कालवण्याची जागा, सळई कापण्याची जागा आणि पीओपीवाल्यांनी पाणी ओतलेला कोपरा या तीन ठिकाणी हमखास घबाड सापडतं.

विटांचे तुकडे, दगड आणि काँक्रीटचे ढेकळ बाजूला रचून ठेवा, ते पुढे शोषखड्ड्यात आणि वाटेखाली वापरता येतात. पीओपी, रंगाचे डबे, टाइल चिकटवायची भुकटी, सिमेंटच्या पिशव्या, तारा, खिळे मात्र बाहेरच गेले पाहिजेत. जिथं सिमेंट सांडून पांढरट पापुद्रा धरलाय तिथली वरची दोन-तीन इंच मातीही काढा, कारण सिमेंटमुळे माती आणखी अल्कधर्मी होते आणि आपली काळी माती मुळातच त्या बाजूला झुकलेली आहे. ट्रॉलीवाला "कुठं टाकू?" विचारेल. नाल्याकाठी टाकू नको, हे आपणच ठणकावून सांगायचं, नाहीतर तो तिथंच टाकतो. सामान फार दिवस ढीग करून ठेवू नका. विटांच्या ढिगात उंदीर येतात आणि उंदरांमागे घोणस.

यानंतर जमीन मोकळी करायची. मिक्सर आणि डंपरच्या चाकांनी ती दगडासारखी बसलेली असते. फूटभर खोल खणा, पण वाफशावर. काळी माती ओली असताना खणली की तिचे चिखलाचे गोळे वाळून विटा होतात, आणि ठणठणीत कोरडी असेल तर कुदळ उडते. मूठभर माती दाबून बघा. गोळा झाला आणि बोटाने टिचकी मारल्यावर सुटा झाला, की वाफसा आला.

पाणी घरापासून दूर

या लेखातला एकच भाग वाचायचा असेल तर हा वाचा.

काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पायाजवळ हा खेळ दरवर्षी चालू राहिला की ओट्याला आणि कुंपणभिंतीला तडे जातात, ओल भिंतीत चढते. म्हणून घराला लागून अडीच-तीन फूट रुंदीचा फरसबंद पट्टा हवा, ज्याला गवंडी प्लिंथ प्रोटेक्शन म्हणतात, आणि त्याचा उतार बाहेरच्या बाजूला. मातीच्या भागात घरापासूनच्या पहिल्या १० फुटांत ६ इंच उतार द्या. त्यापुढे फरशीवर १० फुटांना २ इंच पुरतो. बागेची माती जोत्यापासून निदान सहा इंच खाली राहिली पाहिजे. भिंतीला टेकवून वाफे केले की ओल आत जाते आणि वाळवीसाठी केलेल्या औषधफवारणीच्या वरून वाळवीला रस्ता मिळतो.

उतार डोळ्यांनी कधीच ठरवू नका. गवंड्याकडची लेव्हल पाइप, म्हणजे पाणी भरलेली पारदर्शक नळी, हे यातलं सगळ्यात खात्रीचं हत्यार. आमच्याकडे नळीचं एक टोक मिस्त्रीने भिंतीशी धरलं, दुसरं बायकोने कुंपणाशी. पाणी हलायचं थांबलं, दोघांनी खुणा केल्या. खुणा जमिनीपासून मोजल्या तर कुंपणाकडची जमीन घराकडच्या जमिनीपेक्षा तीन इंच उंच निघाली. म्हणजे वर्षभर सगळं पाणी आमच्याच पायाकडे येत होतं. "बुडबुडा नाही ना नळीत?" मिस्त्रीने दोनदा विचारलं. नळीत हवेचा एक बुडबुडा असला तरी लेव्हल खोटी येते. बुडबुडा नव्हता.

आता गच्चीचं पाणी. १,००० चौरस फुटांच्या गच्चीवर १ मिलिमीटर पाऊस पडला की ९३ लिटर पाणी होतं. एका जोरदार पावसात ५० मिलिमीटर पडला तर ४,६०० लिटर, आणि ते सगळं एक-दोन पाइपांतून मागच्या अंगणात आदळतं. पाइपाचं तोंड तिथंच मोकळं सोडू नका. एकतर टाकीत घ्या, नाहीतर घरापासून किमान १० फूट लांब शोषखड्डा करा. साधारण तीन बाय तीन फूट आणि पाच फूट खोल, तळाशी डबर (तुमच्याच राडारोड्यातला), वर खडी, मग जाड वाळू.

इथं एक गोम आहे. काळ्या मातीत संपणारा शोषखड्डा पाणी शोषत नाही, तो नुसता डबकं होतो. खणताना मुरूम लागेपर्यंत जा. मुरूम लागला की पाणी मुरतं. खात्री करायची तर खड्ड्यात पाणी भरा, एकदा मुरू द्या, परत भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी सकाळपर्यंत तसंच असेल तर शोषखड्ड्याचा नाद सोडा आणि चर काढून पाणी रस्त्याच्या पावसाळी गटारीकडे न्या. ड्रेनेजच्या चेंबरला जोडू नका, पहिल्याच मोठ्या पावसात तेच पाणी न्हाणीघरातून उलटं वर येतं.

साठवणीची टाकी झाकलेलीच हवी. डेंग्यूच्या डासाला स्वच्छ साठलेलं पाणीच आवडतं.

माती: विकत घेण्याआधी आहे ती ओळखा

काचेच्या बाटलीत अर्धी माती आणि बाकी पाणी घालून खूप हलवा आणि ठेवून द्या. वाळू मिनिटभरात तळाशी बसते, गाळ काही तासांत, चिकणमाती दुसऱ्या दिवसापर्यंत तरंगत राहते. वरचा चिकण थर निम्म्याच्या आसपास असेल तर तुमच्याकडे अस्सल काळी आहे. कोरड्या ढेकळावर लिंबू पिळून बघा. फसफसलं तर मातीत चुना आहे, मग तो चुनखडीचा असो की बांधकामाचा. अशा मातीत लोह असूनही झाडाला मिळत नाही. शिरा हिरव्या आणि मधलं पान पिवळं पडतं. लिंबू, गुलाब आणि जास्वंदीवर ते पहिल्यांदा दिसतं.

नेमके आकडे हवे असतील तर मातीचं परीक्षण करून घ्या. द्राक्षबागायतदारांमुळे नाशकात माती, पाणी आणि देठ परीक्षण करणाऱ्या प्रयोगशाळांना तोटा नाही. पाच-सहा ठिकाणांहून सहा ते आठ इंच खोलीपर्यंतची माती घ्या, एकत्र करून सावलीत वाळवा आणि अर्धा किलो द्या. अहवाल न बघता जिप्सम टाकू नका, ते चोपण, म्हणजे सोडियम वाढून घट्ट झालेल्या, जमिनीचं औषध आहे.

नर्सरीवाला म्हणेल लाल माती टाका. थोडी कुंड्यांसाठी घ्या, पण सगळ्या परसात लाल माती ओतणं म्हणजे पैसे पावसात सोडणं. काळी माती कसदार आहे, तिला फक्त मोकळी करायची आहे. घमेलंभर वाळू मिसळून ती मोकळी होत नाही, उलट आणखी घट्ट बसते. तिला सेंद्रिय खत लागतं, आणि भरपूर. हिशोब सोपा आहे. वाफ्यांची जागा २५० चौरस फूट धरली आणि त्यावर अडीच इंचांचा कुजलेल्या खताचा थर दिला तर साधारण ५० घनफूट, म्हणजे अर्धा ब्रास. भर घालायला पोयटा (गाळाची माती) लागलाच तर तोही ब्रासमध्येच मोजून घ्या: ३०० चौरस फुटांवर सहा इंच म्हणजे दीड ब्रास. "तीन ट्रॉल्या लागतील" असं अंदाजे बोलणाऱ्याला ट्रॉलीची लांबी-रुंदी विचारा.

शेणखत पूर्ण कुजलेलं असावं. हातात घेतल्यावर भुसभुशीत आणि वास मातीचा, शेणाचा नाही. कच्च्या खतातून हुमणी नावाची अळी येते आणि ती मुळं कुरतडते तेव्हा वरून काहीच कळत नाही. विकतच्या मातीतून येणारं खरं संकट मात्र लव्हाळा हे तण. मूठभर माती चाळून बघा, काळ्या मण्यांसारख्या गाठी दिसल्या तर ट्रॉली दारातूनच परत पाठवा. एकदा लव्हाळा शिरला की खुरपून संपत नाही, गाठी फुटून आणखी वाढतो. आम्ही हे पहिल्या वर्षी शिकलो आणि अजून खुरपतोय.

वाट, ओटा, पाइप

फरशीची जागा गरजेपुरतीच ठेवा. चालायची वाट तीन फूट, दोन खुर्च्या आणि चहाच्या टेबलाला आठ बाय आठ फूट पुष्कळ झाले. काटकोनासाठी एका बाजूला ३ फूट, दुसऱ्या बाजूला ४ फूट मोजून कर्ण ५ फूट येतो का बघा, गवंड्याच्या काटकोनी गुण्यापेक्षा हे मोठ्या मापाला बरं.

फरशीखाली काळी माती ठेवलीत तर दोन पावसाळ्यांत फरशी झोपाळ्यासारखी हलते. आठ इंच माती काढा, चार इंच मुरूम पाणी मारत धुमसाने ठोका, त्यावर दीड इंच कच (दगडाचा बारीक चुरा), मग पेव्हर ब्लॉक. मला स्वतःला खडबडीत शहाबादी फरशी आवडते, सांध्यात वाळू भरलेली. पाणी मुरतं आणि पाय घसरत नाही. गुळगुळीत ग्रॅनाइट बाहेर लावू नका, ऑगस्टमध्ये शेवाळ धरलं की कोणीतरी पडतं.

फरशी बसवण्याआधी वाटेखालून तीन इंची पीव्हीसीचा एक मोकळा तुकडा आडवा टाकून दोन्ही टोकांना बूच लावा. पुढे ठिबकची नळी किंवा दिव्याची केबल न्यायची झाली तर फरशी फोडावी लागत नाही. बागेतल्या दिव्यांची लाइन पाइपातूनच आणि शॉकपासून वाचवणाऱ्या ब्रेकरवरच घ्या. नळ किमान दोन हवेत, एक ओट्याजवळ आणि एक कुंपणाजवळ.

ठिबकची चंगळ ही नाशिककरांची. १६ मिलिमीटरची लॅटरल (ड्रिपर बसवायची नळी), ताशी ४ लिटरचे ड्रिपर आणि जाळीचा फिल्टर ठिबकच्या कुठल्याही दुकानात मिळतो. रोपाला एक ड्रिपर, झाडाला दोन. दुसऱ्या वर्षी ते बुंध्यापासून फूटभर लांब सरकवा, म्हणजे मुळं पसरतात. बोअरचं पाणी जड असेल तर ड्रिपर क्षारांनी बुजतात, महिन्यातून एकदा फिल्टरची जाळी ब्रशने धुवा.

झाडं: काय, कुठं

वड, पिंपळ, उंबर परसात नकोच. आंबा, कडुनिंब यांना घरापासून आणि टाकीपासून १५ ते २० फूट सोडता येत असतील तरच लावा. हा विचार आत्ताच करायचा, कारण शहरात नंतर झाड तोडायचं तर १९७५ च्या राज्याच्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे परवानगी लागते, आपल्या कुंपणातलं असलं तरी. झटपट हिरवी भिंत म्हणून हल्ली कोनोकार्पस खपवतात. त्याची मुळं ड्रेनेजमध्ये शिरतात. गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली, हे नर्सरीवाल्याला सांगून बघा.

६०० चौरस फुटांत मी एवढंच सुचवेन: पश्चिमेच्या उन्हाच्या बाजूला एक मध्यम झाड, पारिजातक किंवा कांचन. जागा थोडी मोठी असेल तर तामण, आपलं राज्यफूल, एप्रिल-मेमध्ये जांभळं होतं. फळांपैकी एक कागदी लिंबू आणि एक पेरू किंवा सीताफळ. स्वयंपाकघराच्या दारापाशी कढीपत्ता, गवती चहा, पुदिना. कुंपणावर जाई किंवा कृष्णकमळ. धुण्याच्या पाण्याच्या वाटेवर केळ. गुलाब हवेतच, मुघलांच्या काळात या गावाचं नावच गुलशनाबाद होतं, पण त्यांना ऑक्टोबरमध्ये छाटायला कात्री उचलायची तयारी ठेवा.

आणि द्राक्षाचा मांडव? नाशकात घर बांधलेल्या प्रत्येकाच्या डोक्यात हे येतं, माझ्याही आलं. निफाडकडच्या एका बागायतदार नातेवाइकाला विचारलं तर तो हसत सुटला. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये फळछाटणी, मध्ये डाऊनी आणि भुरी या बुरशीच्या रोगांसाठी फवारण्या. "दादा, फवारणीचं औषध तुमच्या पापडांवर पडणार," तो म्हणाला. सावलीसाठी वेल चढवा, फळाची आशा धरू नका. मी मांडवावर मधुमालती चढवली.

शहराच्या कडेला, गंगापूर रोडच्या टोकाला किंवा देवळालीच्या बाजूला घर असेल तर कुंपणालगत दाट झुडपं आणि उंच गवत वाढू देऊ नका आणि मागे एक दिवा ठेवा. बिबट्याला आडोसा लागतो.

रोप घेताना उंची बघू नका, पिशवी बघा. तळातून मुळं बाहेर येऊन गुंडाळी झालेलं आठ फुटी रोप वर्षभर रुसून बसतं, दोन-तीन फुटी निरोगी रोप त्याला मागे टाकतं. छोट्या झाडाला दोन फुटी, आंब्याला तीन फुटी खड्डा. वरची माती, दोन-तीन घमेली शेणखत आणि किलोभर निंबोळी पेंड मिसळून तो भरा आणि जमिनीपेक्षा थोडा उंच ठेवा, माती पुढे खाली बसते. प्लास्टिकची पिशवी पूर्ण काढा. ती नुसती फाडून तशीच पुरणारे माळी मी स्वतः बघितलेत. कलमाचा जोड मातीच्या वर राहिला पाहिजे आणि जोडाखालून येणारे फुटवे दिसताक्षणी खुडायचे. आधाराची काठी वाऱ्याच्या बाजूला, दोरी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी सैल.

लॉनचा हट्ट असेलच तर शेवटी आणि छोटं करा. ३०० चौरस फुटांच्या हिरवळीला भर उन्हाळ्यात रोज सुमारे १४० लिटर पाणी लागतं, हे मनात धरून जागा ठरवा.

पहिल्या वर्षी वाफ्यांवर पाचटाचं किंवा वाळल्या पानांचं तीन इंच आच्छादन घाला, बुंध्याला चिकटू न देता. डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली गेला की केळ आणि पपईची कोवळी रोपं रात्री गोणपाटाने झाका. लिंबाची पानं पिवळी दिसली तर घाईने युरिया टाकू नका, आधी शिरा बघा. हिरव्या असतील तर ती लोहाची कमतरता आहे. चिलेटेड लोहाची, म्हणजे झाडाला सहज घेता येईल अशा रूपातल्या लोहाची, फवारणी संध्याकाळी करा आणि पंधरा दिवसांनी नव्या पालवीचा रंग बघा, जुनं पान सुधारत नाही.